पहाटेची वाट, तारापूरचा किनारा

बोरिवलीतील त्या दुकानाचे शटर आठवड्यातून एकच दिवस बंद असते. अशा एका दिवशी पहाटे पाचला व्यापारी दांपत्य मोटारसायकलवरून निघाले. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. पंचवीस वर्षांच्या संसारात उधारी, मुले, पाहुणे यांविषयी पुष्कळ बोलणे झाले. मनातले मात्र राहूनच गेले होते.

वसईची खाडी ओलांडून अहमदाबाद महामार्गाने मनोरला पोहोचेपर्यंत उजाडले. तेथून डावीकडे वळताच अवजड वाहनांची वर्दळ ओसरली आणि वाघोबा खिंडीतील गार वारा लागला. पालघरात न्याहारी झाली. फोन दिवसभर पिशवीतच राहिला.

बोईसरचे कारखाने मागे टाकले की तारापूर. येथील किल्ला चिमाजी अप्पांच्या सैन्याने जानेवारी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला. जवळच १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. दोन्ही दुरूनच पाहून दोघे शेजारच्या चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसले.

"अहो, थोरल्याला दुकानात बसायचे नाही. तुम्हाला कसे सांगावे, त्याला कळत नाही," ती म्हणाली.

तो बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "त्याला घाबरू नकोस म्हणावे. मीच बोलेन त्याच्याशी."

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला दोघे घरी होते. ताटावर मुलगाही होता. व्यापाऱ्याच्या घरी वेळ कधी शिल्लक उरत नाही. तो आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो.