एका सुट्या भागाची किंमत

वाघोलीहून नगर रस्त्यानें सुमारें शंभर किलोमीटर गेलें कीं अहिल्यानगर लागतें. तेथील रणगाड्यांच्या संग्रहालयांत, जें १९९४ सालीं उघडलें, पहिल्या महायुद्धाच्या काळची रोल्स-रॉईस चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धांतील मटिल्डा व व्हॅलेंटाइन रणगाडे आणि १९६५ च्या युद्धांत हस्तगत केलेले पॅटन पाहावयास मिळतात. तीं पाहून आल्यावर एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, “सर, मोडलेला भाग नवा करून बसवला, तर हीं वाहनें पुन्हां चालणार नाहींत का?”

चालतील, पण त्या भागाची किंमत ऐकून पुष्कळांचा उत्साह मावळतो. धातु महाग असतो म्हणून असें होतें, हा समज मात्र चुकीचा आहे.

पाण्याच्या पंपाचें बिडाचें कवच घ्या. तें ओतण्यापूर्वीं त्याची लाकडी प्रतिकृति करावी लागते. कारागीर तिला पॅटर्न म्हणतात. वितळलेलें बीड थंड होतांना शेंकडा सुमारें एक या प्रमाणांत आकसतें, म्हणून पॅटर्न तितकाच मोठा हवा. शिवाय जेथें लेथवर कातावयाचें, तेथें वाढीव जाडी ठेवावी लागते. नंतर वाळूंत सांचा दाबून रस ओततात. अर्धें कातून झाल्यावर आंत पोकळी आढळली, कीं तो नग टाकून द्यावयाचा आणि पुन्हां ओतावयाचें.

आतां हिशेब पाहा. केवळ उदाहरणादाखल पॅटर्नचे वीस हजार रुपये व प्रत्येक नगाच्या ओतकामाचे व कातकामाचे तीन हजार धरूं. शंभर नग केले तर एक नग बत्तीसशें रुपयांस पडतो. एकच केला तर तेवीस हजारांस! पत्र्याच्या भागांचे पोलादी डाय याहूनही महाग. म्हणून एखाददुसरा मडगार्ड कुशल कारागीर हातानेंच ठोकून घडवतो आणि त्याच्या दिवसांचे पैसे द्यावे लागतात.

याहून अवघड गोष्ट मापाची. नमुन्यादाखल हातीं असतो तो झिजलेला भाग, आणि झिजलेल्या भागाचें माप हें मूळ माप नव्हे. जेथें घर्षण झालें नाहीं अशी जागा शोधून तेथें मोजावें लागतें. आटेही जुने, इंची मापाचे. बाजारांतील मिलिमीटरचा बोल्ट त्यांत बळेंच फिरवला कीं आटे जातात.

जीपवाले त्या मानानें सुखी. १९४१ ते १९४५ या काळांत विलीज व फोर्ड यांनीं मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. १९४७ पासून मुंबईंत महिंद्रांनीं त्या जातीच्या गाड्या जोडावयास आरंभ केला. त्यामुळें आपल्याकडे तिचे कित्येक भाग दीर्घकाळ तयार होत राहिले. मटिल्डा मात्र सुमारें तीन हजारच झाले. फोर्डच्या जीपमध्यें बोल्टच्या डोक्यावरही ‘एफ’ अक्षर असे, आणि त्या अक्षरासाठीं जादा दाम मोजणारे हौशी आहेत. मला तें अतिरेकाचें वाटतें. तोच पैसा ब्रेकच्या व सुकाणूच्या भागांवर खर्चावा.

एका ओतकारखान्यांत, काम झाल्यावर गिऱ्हाइकानें न नेलेला असाच एक पॅटर्न जळणांत गेलेला मीं पाहिला आहे. पुढें त्याच भागासाठीं दुसरे गृहस्थ आले. माळ्यावर तें लाकूड असतें तर त्यांचें काम ओतण्याच्या व कातण्याच्या खर्चांत झालें असतें. त्यांच्यासाठीं सुतारानें पहिल्यापासून नवें सागवान कापावयास घेतलें.