वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोरोनाकाळात, २०२० मध्ये, शाळा बंद झाल्यावर नववी-दहावीच्या वर्गांचे जे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाले, ते शाळा उघडल्यावरही अनेक ठिकाणी टिकले. त्यांच्याबरोबर काही गैरसमजही टिकले.

ग्रुपवर कोणीही आक्षेपार्ह मजकूर टाकला की अ‍ॅडमिन, म्हणजे ग्रुप चालवणारा शिक्षक, गुन्हेगार ठरतो, ही स्टाफरूममधली नेहमीची धास्ती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये, गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात, समान उद्देश किंवा संगनमत दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुराची फौजदारी जबाबदारी अ‍ॅडमिनवर येत नाही, असे स्पष्ट केले. मजकूर प्रसिद्ध होण्याआधी तो तपासण्याची सोय त्याच्याकडे नसते, हे त्यामागील एक कारण होते. मात्र २०२२ पासून अ‍ॅडमिनला सदस्याचा संदेश सर्वांसाठी पुसता येतो, आणि फक्त अ‍ॅडमिननेच लिहावे अशी व्यवस्था तर त्याआधीपासून आहे. त्यामुळे नजरेस पडलेला मजकूर तसाच राहू देणाऱ्या शिक्षकाने या निकालावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही.

विद्यार्थ्याचा नंबर केवळ सरांकडे राहतो, हा समज तितकासा चर्चेत नसला तरी अधिक घातक आहे. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक सदस्याचा नंबर इतर सर्वांना दिसतो, म्हणजे एखाद्या मुलीचा किंवा तिच्या आईचा नंबर वर्गातील सर्व घरांत पोहोचतो. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या सोयीत, नंबर झाकलेले राहतात. परंतु ज्यांनी शिक्षकाचा नंबर सेव्ह केला आहे, त्यांनाच तो संदेश मिळतो, म्हणून पालकसभेतच तो सेव्ह करून घेणे इष्ट.

ब्लू टिक दिसली नाही म्हणजे वर्गाने सूचना वाचलीच नाही, हेही खरे नव्हे : ग्रुपमध्ये ती सर्वांनी वाचल्यावरच उमटते, आणि वडील कामावर फोन घेऊन गेलेले एक घरही तिला संध्याकाळपर्यंत रोखून धरते.

विद्यार्थ्याला वैयक्तिक संदेश पाठवणेच बेकायदा आहे, असेही काहींना वाटते. भारतीय कायद्यात अशी सरसकट बंदी नाही. मात्र लैंगिक हेतूने बालकाशी वारंवार इलेक्ट्रॉनिक संपर्क साधणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम ११ नुसार लैंगिक छळ आहे, आणि अठरा वर्षांखालील प्रत्येक विद्यार्थी त्या कायद्याने बालकच असतो. अमेरिकेतील मिझुरी राज्याने २०११ मध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांच्या खासगी ऑनलाइन संपर्कावर निर्बंध घातले, तेव्हा न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि विधिमंडळाने त्याच वर्षी ते मागे घेऊन लेखी धोरण ठरवण्याचे काम शाळांच्या स्थानिक मंडळांवर सोपवले. आपल्याकडील शाळांनीही, वैयक्तिक संदेशाची प्रत पालकाला किंवा दुसऱ्या शिक्षकाला जाईल, एवढा तरी नियम लेखी करून ठेवावा.