घनावस्थेतील संश्लेषण आणि सहसंबद्ध बहुवारिकांची स्फटिकरूपे

एकाच रासायनिक संघटनाचा पदार्थ निरनिराळ्या स्फटिकरचना धारण करतो, या गुणधर्मास बहुरूपता म्हणतात. धातूचे आयन व त्यांना परस्परांशी जोडणारे सेंद्रिय लिगंड यांपासून बनलेल्या सहसंबद्ध बहुवारिकांत तिला विशेष महत्त्व आहे; कारण रूप पालटले की पदार्थाची सच्छिद्रता, आणि तिच्यासह वायू शोषून घेण्याची पात्रता, पालटते.

झिंक व २-एथिलइमिडॅझोल यांचे संयुग हे याचे बोधप्रद उदाहरण होय. त्यात प्रत्येक झिंक आयनाभोवती चार नायट्रोजन अणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतात व प्रत्येक लिगंड दोन झिंक आयनांना जोडतो. या जोडणीचा कोन सुमारे १४५° असून तो सिलिकेटांतील सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन कोनाशी मिळताजुळता आहे. साहजिकच सिलिकेटांप्रमाणे येथेही अनेक जालरचना संभवतात.

१ मोल झिंक ऑक्साइड व २ मोल २-एथिलइमिडॅझोल हे, अत्यल्प द्रव आणि किंचित अमोनियम लवण घालून, बॉल मिलमध्ये घोटले असता हे संयुग तयार होते. उपपदार्थ केवळ पाणी. फ्रिश्चिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली असे दाखविले की, घोटणी पुढे चालू ठेवल्यास प्रथम 'र्‍हो' ही विरळ रचना, नंतर अ‍ॅनाल्साइमसारखी, व अखेरीस क्वार्ट्‌झसारखी दाट व छिद्रहीन रचना मिळते.

हा क्रम ओस्टवाल्ड यांनी १८९७ मध्ये मांडलेल्या पायरीच्या नियमास अनुसरून आहे: प्रथम जन्मते ते सर्वांत स्थिर रूप नव्हे, तर सुलभतेने घडणारे कमी स्थिर रूप. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या उष्मामापनाने व सैद्धांतिक गणनेनेही या तिन्ही रूपांची स्थिरता याच क्रमाने वाढत असल्याचे सिद्ध केले.

येथे एक धोका ध्यानी घ्यावयास हवा. रिकाम्या छिद्रांची तिन्ही रूपे मूलद्रव्य-विश्लेषणात सारखीच ठरतात. त्यांतील भेद क्ष-किरण चूर्ण-विवर्तनानेच निश्चित कळतो. विक्रिया पूर्ण व्हावी म्हणून अधिक काळ घोटणाऱ्याच्या हाती शुद्ध, परंतु वायुशोषणास निरुपयोगी चूर्ण येऊ शकते. म्हणून घोटणीचा काल, द्रवाचे व लवणाचे स्वरूप आणि प्रमाण, तसेच गोळ्यांचे वजन यांची नोंद ही केवळ औपचारिकता नव्हे. हाती येणारे रूप याच गोष्टींवर अवलंबून असते.