भिंतीचा उच्छ्वास

संग्रहालयाच्या दालनांत मांडलेल्या वस्तूंपेक्षा कोठारात ठेवलेल्या वस्तूंची संख्या बहुधा पुष्कळ मोठी असते, आणि या वस्तू वर्षानुवर्षे बंद दारांआड मोजक्या हवेत राहत असल्याने त्या हवेत काय मिसळते यावर त्यांचे आयुष्य ठरते. १५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच अशा साध्या खोलीत चार भिंती व छत मिळून सुमारे ७२० चौरस फूट पृष्ठभाग रंगवला जातो. दारांच्या चौकटी, कपाटे आणि फळ्या त्यात धरल्या तर रंग हा कोठारातील सर्वांत पसरलेला पदार्थ ठरतो. त्यामुळे कोठारासाठी रंग निवडताना तो दिसतो कसा यापेक्षा वाळताना आणि वाळल्यानंतर त्यातून काय बाहेर पडते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील सावलीसारख्या गावाच्या संदर्भात हा प्रश्न नेमका होतो. खादीचे जुने केंद्र असलेल्या या गावी १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले होते. या परिसराचा इतिहास सांगणारा संग्रह उभा करायचा, तर त्यात चरखे, सुताच्या गुंड्या, खादीची ठाणे, पत्रे आणि छायाचित्रे येतील. शिवाय कोशाची रेशमी वस्त्रे, पितळी मूर्ती, चांदीचे दागिने आणि मासेमारीच्या जाळ्यांना ओवलेले शिशाचे मणीही येतील. यातील प्रत्येक पदार्थाचा शत्रू निराळा आहे. सूत आणि कागद आम्लाने ठिसूळ होतात, रेशीम अल्कलीने दुबळे होते, चांदी गंधकयुक्त वायूने काळवंडते, आणि शिसे तर व्हिनेगरमधील अ‍ॅसेटिक आम्लाच्या अल्पशा वाफेनेही पांढऱ्या भुकटीत बदलू लागते.

रंग दोन रीतींनी वाळतात आणि निवडीचे मर्म या भेदात आहे. बाजारात ज्यांना सरसकट ऑइलपेंट म्हणतात, त्या तैलरंगांत आणि इनॅमलमध्ये जवसासारखे वाळणारे तेल किंवा त्यापासून केलेली अल्किड राळ असते. हे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते, पण त्या क्रियेत त्याच्या रेणूंचे तुकडेही पडतात आणि फॉर्मिक आम्ल, अ‍ॅसेटिक आम्ल, अल्डिहाइडे असे बाष्पशील पदार्थ बाहेर पडत राहतात. हाताला कोरडा लागणारा असा रंग प्रत्यक्षात कित्येक महिने वाळतच असतो. विदर्भाच्या शेतातले जवस ताटात कितीही गुणकारी असले तरी कोठाराच्या भिंतीवर ते नको. जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून केलेली, चौकटींच्या भेगा बुजवण्याची लांबीही याच कारणाने टाळावी लागते. याउलट पाण्यात कालवलेल्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनमध्ये राळेचे कण आधीच तयार असतात. पाणी उडाले की ते एकमेकांना चिकटून थर बनतो आणि तेलासारखे दीर्घकाळ चालणारे विघटन त्यात घडत नाही. म्हणून कोठाराच्या भिंतींसाठी सामान्यतः अ‍ॅक्रिलिक इमल्शन सुचवले जाते. मात्र व्हिनाइल अ‍ॅसेटेटवर आधारलेल्या इमल्शनातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटू शकते, आणि डब्यावर कमी वासाचा किंवा कमी बाष्पाचा असा शिक्का असला तरी तो माणसाच्या आरोग्याचा व बाहेरच्या हवेचा विचार करून मारलेला असतो. शिशाच्या मण्याचा विचार त्यात नसतो.

चुन्याची सफेदी या चर्चेत वेगळी उभी राहते. विरी गेलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीचे रूप धारण करतो, त्यातून केवळ पाणी सुटते, आणि अल्कधर्मी असल्याने तो आम्लाची वाफ काही प्रमाणात शोषूनही घेतो. पण सफेदी हाताला लागते, तिची भुकटी फळ्यांवर झडते, आणि जी अल्कधर्मी भुकटी सुती खादीला फारशी बाधत नाही तीच कोशाच्या वस्त्राला घातक ठरते. म्हणून सफेदीच्या खोलीत वस्त्रे झाकूनच ठेवावी लागतात.

रंग सुरक्षित आहे की नाही हे पाहण्याची प्रचलित कसोटी ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिची रीत साधी आहे. काचेच्या छोट्या बरणीत पूर्ण वाळलेल्या रंगाचा नमुना आणि थोडे पाणी ठेवतात, चांदी, तांबे व शिसे यांच्या घासून चकचकीत केलेल्या पट्ट्या एकमेकींना न लागतील अशा टांगतात, आणि घट्ट बंद केलेली ही बरणी ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात. शेजारच्या दुसऱ्या बरणीत पाणी आणि पट्ट्या असतात, फक्त रंग नसतो. महिनाअखेर दोन्ही बरण्यांतल्या पट्ट्या ताडून पाहतात: चांदीवरचा काळा डाग गंधक दाखवतो, शिशावरची पांढरी साय सेंद्रिय आम्ल दाखवते, आणि तांबे क्लोराइडसह इतर काही दोष उघड करते. डब्याचे नाव तेच राहून आतली कृती बदलू शकते, म्हणून एकदा उत्तीर्ण झालेला रंगही नव्या खरेदीच्या वेळी पुन्हा तपासणे योग्य असते.

चांगल्या रंगालाही सुकायला अवधी लागतो. शेवटचा हात मारल्यानंतर निदान चार आठवडे खोली उघडी ठेवून हवा खेळती ठेवावी, मगच वस्तू आत न्याव्यात, असा संकेत आहे. सावलीच्या हवामानात याचे वेळापत्रक निसर्गच आखून देतो. पावसाळ्यात भिंतींत मुरलेली ओल हिवाळाभर उतरू द्यावी, कारण ओल्या भिंतीवर चढवलेल्या रंगाचे पोपडे निघतात आणि पोपड्यांमागे बुरशी धरते. माघ-फाल्गुनात रंग द्यावा, आणि चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हाळ्यात दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे तापलेल्या हवेत उरलीसुरली बाष्पे लवकर निघून जातात आणि मृगापूर्वी खोली संग्रहासाठी तयार होते. भिंतीचा रंग पांढरा वा फिकट ठेवल्यास वाळवीची माती आणि ओलीचा पहिला डागही ताबडतोब नजरेस पडतो.

उद्घाटनाची तारीख आधी ठरवून आदल्या रात्रीपर्यंत भिंती रंगवण्याची जी रीत सर्वत्र दिसते, तिच्यात हा अवधीच कापला जातो. म्हणून कोठाराच्या नोंदवहीत पहिल्या वस्तूच्या आधी रंगाचे नाव, डब्यावरचा गट क्रमांक आणि शेवटचा हात मारल्याची तारीख लिहिलेली असावी. खोलीचे कुलूप संग्रहासाठी केव्हा उघडायचे हे त्या तारखेवरून मोजता येते.