‘आवडले’ आणि ‘आवडत गेले’: सावकाश रुचणाऱ्या चित्रपटगीतांविषयी

एखाद्या चित्रपटगीताविषयी मराठी माणूस दोन प्रकारची विधाने करतो. ‘गाणे आवडले’ हे एक आणि ‘गाणे आवडत गेले’ हे दुसरे. पहिल्या विधानात क्रिया पुरी झालेली आहे. दुसऱ्यात धातुसाधितास ‘जाणे’ या क्रियापदाची जोड मिळाल्याने ती टप्प्याटप्प्याने वाढत गेल्याचा बोध होतो. दोन्ही विधानांत ऐकणारा कर्तेपण स्वतःकडे घेत नाही. ‘मला’ असे म्हणून तो बाजूस उभा राहतो आणि कर्तेपण गाण्याकडे सोपवितो. बोलण्यात याच अनुभवासाठी गाणे कानाला ‘रुळले’, ‘मुरले’ किंवा ‘भिनले’ असेही म्हटले जाते, आणि या तिन्ही क्रियांना काळ लागतो. याच्या विरुद्ध टोकास ‘विटणे’ आहे. त्यावरून आलेले ‘अवीट’ हे विशेषण आपण गीतांना फार सैलपणे लावतो. परंतु जे गीत एकदाच ऐकले त्यास अवीट म्हणण्याचा अधिकार वस्तुतः कोणासही नाही. तो पुनःश्रवणानेच प्राप्त होतो. जाहिरातीत हे विशेषण गीत प्रसिद्ध होण्यापूर्वीच लावलेले असते, ही गोष्ट निराळी.

प्रथमश्रवणी नीरस, किंबहुना काहीसे त्रासदायक वाटलेले गीत दहाव्या-पंधराव्या श्रवणानंतर प्रिय का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गीत तेच, गायिका तीच, ध्वनिमुद्रण तेच. बदल झाला असेल तर तो ऐकणाऱ्यातच. हा बदल कोणत्या जातीचा, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. ती निव्वळ सवय असेल, तर आपली अभिरुची म्हणजे एखादी तबकडी कोणी किती वेळा वाजविली याचा हिशेब ठरेल, आणि गीतांच्या गुणावगुणांची चर्चा करण्यात अर्थ उरणार नाही.

सवयीच्या बाजूचा पुरावा दुबळा नाही. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत परभाषेतील म्हणून काही शब्द लोकांपुढे ठेवले. कोणता शब्द एकदा, कोणता दोनदा, कोणता पाच, दहा, तर कोणता पंचवीस वेळा. नंतर त्या शब्दांचा अर्थ चांगला असेल की वाईट, याचा अंदाज करावयास सांगितले, तेव्हा जो शब्द अधिक वेळा पुढे आला होता त्याचा अर्थ अधिक चांगला असावा, असेच मत पडले. त्या शब्दांत ‘लोकान्ता’ हा एक शब्द होता. तुर्की भाषेत त्याचा अर्थ खाणावळ असा आहे, तेव्हा निदान त्या एका बाबतीत अंदाज फारसा चुकला असे म्हणवत नाही. विनोद बाजूस ठेवला, तरी केवळ पुनःपुन्हा सामोरे आल्याने, अर्थ मुळीच ठाऊक नसतानाही, एखादी वस्तू बरी वाटू लागते, ही गोष्ट पुढील अनेक प्रयोगांनी दृढ केली आहे.

परंतु हा नियम आपल्या प्रश्नाला अर्धवटच लागू पडतो. पुनरावृत्तीने सर्वच बरे वाटू लागत असेल, तर गीते विटतात का? डॅनियल बर्लाइन याने १९७१ च्या आपल्या ग्रंथात याचे एक उत्तर सुचविले. परिचय वाढत गेला की आवड प्रथम चढते आणि मग उतरते. मात्र शिखर कोठे येईल हे त्या वस्तूच्या गुंतागुंतीवर अवलंबून असते. साधी रचना लवकर शिखर गाठते व लवकर उतरते, गुंतागुंतीची उशिरा. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चटकन आवडणारे ते उथळ, असे समीकरण यावरून मांडण्याचा मोह होतो आणि रसिक म्हणविणाऱ्यांना तो विशेष होतो. १९५१ च्या ‘अलबेला’तील सी. रामचंद्र यांची गीते पहिल्या श्रवणातच ओठांवर आली आणि सत्तर वर्षे उलटून गेली तरी ती विटलेली नाहीत. उशिरा आवडणे हे श्रेष्ठत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. ते एका विशिष्ट प्रकारच्या रचनेचे लक्षण आहे, आणि ती रचना कोणती हे सांगण्यास भाषाशास्त्राचे साहाय्य होते.

अपरिचित भाषा ऐकताना आपणांस शब्द ऐकू येत नाहीत. ध्वनींचा एक अखंड ओघ ऐकू येतो. शब्द कोठे संपला हे दाखविणारी मोकळी जागा लिपीत असते, उच्चारात बहुधा नसते. सॅफ्रन, अ‍ॅस्लिन आणि न्यूपोर्ट यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की आठ महिन्यांची बालके निरर्थक अक्षरांचा असा अखंड ओघ केवळ दोन मिनिटे ऐकून त्यातील ‘शब्द’ वेगळे ओळखू लागतात. कोणत्या अक्षरामागून कोणते अक्षर हमखास येते आणि कोठे ही हमी सुटते, एवढ्या आधारावर सीमा सापडते. १९९९ मध्ये याच मंडळींनी अक्षरांऐवजी स्वर वापरले, तेव्हाही हेच आढळले. येथे पुनरावृत्ती म्हणजे सवय लावणे नव्हे. ती सामग्री पुरविते, आणि ऐकणारा तिच्यातून व्याकरण काढतो.

आता गीताकडे वळू. गीतात तीन प्रकारच्या सीमा एकाच वेळी चाललेल्या असतात: वाक्यातील पदांची, चरणाची आणि तालाच्या आवर्तनाची. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त मराठी पद्याच्या आवर्तनांची जी व्यवस्था लावली आहे ती येथे उपयोगी पडते. सहा मात्रांचे भृंगावर्तन, आठांचे पद्मावर्तन, सातांचे अग्न्यावर्तन, पाचांचे हरावर्तन. दादरा, केरवा, रूपक आणि झपतालाचा अर्धा भाग यांच्याशी ती मात्रासंख्येने जुळतात, हे सांगावयास नको. ओवी-अभंगापासून बडबडगीतांपर्यंत जे काही आपल्या कानी लहानपणापासून पडलेले असते, त्याने चरण कोठे संपणार याची एक अपेक्षा आपल्या ठायी घडविलेली असते. यमक ती अपेक्षा पक्की करते. पहिल्या श्रवणात आवडणाऱ्या बहुतेक गीतांत या तिन्ही सीमा एकाच जागी येतात. वाक्य संपते तेथे चरण संपतो, चरण संपतो तेथे सम येते. ऐकणाऱ्यास काही शोधावे लागत नाही. उशिरा आवडणाऱ्या गीतांत मात्र या सीमा एकमेकींना ओलांडून जातात. जुन्या छंदःशास्त्राने ज्यास यतिभंग म्हणून दोषांत गणले, त्याचाच हा विस्तार म्हणता येईल.

याचे उत्तम उदाहरण ‘इजाजत’ (१९८७) या हिंदी चित्रपटातील गुलजार यांच्या ‘मेरा कुछ सामान’ या रचनेत मिळते. संगीत राहुलदेव बर्मन यांचे, स्वर आशा भोसले यांचा. गीतलेखन आणि पार्श्वगायन यांसाठी गुलजार व आशाबाई यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ही रचना मुक्तछंदात आहे. चरण समान नाहीत आणि यमक बांधलेले नाही. हा मजकूर पाहून, उद्या वृत्तपत्रातील बातमीलाही चाल लावावयास सांगाल, असे संगीतकार उद्गारल्याची आठवण गुलजार यांनी अनेकदा सांगितली आहे. ती थट्टा असली तरी रचनेचे वर्णन म्हणून अचूक आहे. प्रस्तुत लेखकाने हे गीत प्रथम ऐकले ते शाळकरी वयात, विविध भारतीवर, रात्री. ती बाई गात आहे की तक्रार सांगत आहे, हेच कळेना, आणि गाणे केव्हा सुरू होते याची वाट पाहता पाहता ते संपले.

पुढे ते अनेकदा कानी पडले, तेव्हा प्रथम हाती लागली ती कडव्याच्या शेवटी परत येणारी विनंती: उरलेल्या वस्तू परत पाठविण्याची. संपूर्ण गीतात खुंटी म्हणावी अशी ती एकच जागा आहे. ती एकदा ओळखीची झाली, की ऐकणारा तेथून मागे चालू लागतो. विनंतीपूर्वीचे वाक्य कोठे सुरू झाले होते, श्वास कोठे घेतला होता, एखादे वाक्य समेवरून पुढे का घरंगळले, हे एकेक करून जागेवर बसत जाते. प्रस्तुत लेखकाचे कडवे जुळावयास काही वर्षे लागली. संगीताचे शिक्षण असलेल्यास कदाचित काही दिवस पुरतील.

या संदर्भात डायना डॉइच यांना १९९५ मध्ये योगायोगाने सापडलेला एक श्रवणभ्रम आठवतो. त्यांच्या स्वतःच्या बोलण्यातील एक लहानसा इंग्रजी तुकडा ध्वनिमुद्रणावर पुनःपुन्हा वाजत राहिला आणि काही आवर्तनांनंतर तो बोललेला न वाटता गायलेला वाटू लागला. ध्वनीत तिळमात्र बदल झालेला नव्हता. यावरील सविस्तर प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण भाषण ऐकतो तेव्हा अर्थ हाती येताच ध्वनी टाकून देतो. तोच तुकडा पुन्हा आला, की अर्थाचे काम आधीच झालेले असते आणि लक्ष स्वरांच्या उंचीकडे व कालावधीकडे मोकळे होते. डॉइच यांची पुनरावृत्ती लागोपाठ होती, आपल्या गीताची आठवड्या-महिन्यांच्या अंतराने होते. म्हणून दोहोंस एकच मानणे घाईचे ठरेल. परंतु जे गीत बोलण्याच्या इतके निकट ठेवलेले आहे, ते पुनःश्रवणानेच ‘गाणे’ होते, या अनुभवाची दिशा तीच आहे.

यावर कोणी म्हणेल, की उशिरा आवडण्याचे कारण शब्दार्थ उशिरा कळणे हेच असावे. ‘निवडुंग’ (१९८९) या मराठी चित्रपटात हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली ग्रेस यांची ‘ती गेली तेव्हा’ ही रचना या मताला बाधक आहे. तिच्यातील प्रतिमांचा परस्परसंबंध शंभर वेळा ऐकूनही निश्चित सांगता येत नाही. या विभागातील अध्यापकांनाही तो सांगता येत नाही, हे नमूद करण्यास हरकत नसावी. तरीही ते गीत अनेकांना ‘आवडत गेले’ आहे. उलगडत गेला तो अर्थ नव्हे, आकृती. अर्थ बंद राहिला तरी चाल शब्दांना कोठे जोडते आणि कोठे तोडते हे कळू लागते, आणि तेवढेही पुरते.

सवय आणि आकलन यांतील भेद ओळखण्याची खूण यातूनच निघते. गीत केवळ सवयीने बरे वाटत असेल, तर ते वाजू लागताच ओळख पटते. पण मध्येच थांबविले तर पुढे काय येणार हे सांगता येत नाही. आकलन झाले असेल तर सांगता येते. आणि विलक्षण हे, की पुढचे ठाऊक असूनही ते आले म्हणजे बरे वाटते. माघाच्या ‘शिशुपालवधा’त श्रीकृष्णाने अनेकदा पाहिलेला रैवतक पर्वत त्यास अपूर्वच वाटतो, असे वर्णन आहे, आणि रमणीयतेची प्रसिद्ध व्याख्या कवीने त्याच श्लोकात दिली आहे. ती उद्धृत करताना ‘अनेकदा पाहिलेला’ हा पूर्वार्धातील भाग बहुधा गाळला जातो. अभिनवगुप्तानेही सहृदयाचे लक्षण सांगताना काव्यानुशीलनाच्या ‘अभ्यासा’ने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला तो, असे म्हटले आहे. ‘अभ्यास’ याचा मूळ अर्थ पुनःपुन्हा करणे. पाणिनीने तर द्वित्व झालेल्या धातूच्या पूर्वभागासच ही संज्ञा दिली आहे.

हा अभ्यास चित्रपटगीतांच्या श्रोत्यांकडून नकळत करवून घेणारी एक व्यवस्था दीर्घकाळ होती. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. अभिजात संगीत नित्य कानी पडले तर लोकांची अभिरुची घडेल, ही त्यांच्या धोरणामागील धारणा होती. पुनःश्रवणाचे सामर्थ्य त्यांनी बरोबर ओळखले होते. श्रोता आपले कान घेऊन सिलोनला जाईल, एवढेच ओळखले नाही. त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि १९५७ च्या ३ ऑक्टोबरला आकाशवाणीसही विविध भारती काढावी लागली. या कार्यक्रमांत गीत ऐकणाऱ्याच्या इच्छेची वाट न पाहता परत परत येत असे. लग्नमंडपातील कर्णा आणि शेजाऱ्याचा रेडिओ यांनी त्यात भर घातली. नावडते गीत बंद करण्याची सोय फारच थोड्यांपाशी होती.

आज ती प्रत्येकापाशी आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेत गीत ३० सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले असे मोजतात. त्याआधी बोट पुढच्या गीताकडे गेले तर मोजत नाहीत. ‘मेरा कुछ सामान’मधील परत येणारी विनंती ३० सेकंदांत येत नाही. संगीतकाराने खुंटी कोठे ठोकावी यावर या हिशेबाचा परिणाम होणे अपरिहार्य दिसते. मात्र एकच गीत हवे तितक्या वेळा ऐकण्याची सोयही आजच्याइतकी पूर्वी कधीच नव्हती, हे विसरता येत नाही. फरक इतकाच, की ज्याला गीत आधीच आवडले आहे तोच या सोयीचा लाभ घेतो.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक साधी पद्धत सुचवावीशी वाटते. निवडलेल्या गीताचा मजकूर विरामचिन्हांवाचून आणि ओळी न पाडता सलग लिहून श्रोत्यास द्यावा, आणि ऐकताना जेथे काही संपले असे वाटेल तेथे उभी रेघ ओढावयास सांगावे. पहिल्या, चौथ्या व दहाव्या श्रवणानंतरचे कागद वेगळे ठेवावेत, आणि दर वेळी आवडीचा अंक स्वतंत्र मागावा. रेघा स्थिर होणे आणि आवड वाढणे यांचा क्रम कोणता, हे त्यावरून दिसेल. आवड आधी वाढली आणि रेघा मागाहून स्थिरावल्या, तर वर केलेले विवेचन मागे घ्यावे लागेल. गीते अल्पपरिचित निवडावी लागतील, आणि दहा श्रवणे एका बैठकीत न उरकता निदान तीन आठवड्यांत विभागावी लागतील.