रिकामं काडतूस घरी भरायचा विचार आहे? आधी त्याच्या तोंडाची 'मुरड' समजून घ्या

हिंगोली : हरभऱ्याला घाटे लागले की सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरीकडच्या शिवारात जागल सुरू होते. रात्री रानडुकरं, पहाटे रोही. कळप एकदा घुसला की खातो थोडं आणि तुडवतो जास्त. ज्या शेतकऱ्यांकडे परवान्याची बारा बोअर बंदूक आहे, त्यांना एक बार काढला तरी मोठा आधार वाटतो. पण काडतूस महाग, आणि वर्षाला किती घ्यायची, एका वेळी किती जवळ ठेवायची, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. मग मोबाईलवर परदेशातला एखादा व्हिडिओ दिसतो. त्यात माणूस टेबलावर बसून रिकामी काडतुसं भरतो. आपल्याकडंही डब्यात रिकामी पडलेलीच आहेत, भरायला काय हरकत, असं वाटू लागतं.

हरकत आहे, आणि मोठी आहे. दारू आणि छर्रे सगळ्यांना दिसतात. पण काडतुसाचा सगळा हिशोब त्याच्या दुमडलेल्या तोंडावर असतो, तिकडं कोणाचं लक्ष जात नाही.

काडतुसाच्या पोटात काय असतं?

खाली पितळी बूड आणि त्यात टोपी. टोपीवर दारू, दारूवर प्लॅस्टिकची वाटी म्हणजे डाट, डाटावर छर्रे. सगळ्यात वर नळकांड्याचं तोंड आत दुमडून बंद केलेलं असतं. जुन्या कागदी काडतुसात वर पुठ्ठ्याची चकती ठेवून कडेला करंजीसारखी मुरड घालत. आताच्या प्लॅस्टिकच्या काडतुसात सहा किंवा आठ चुण्या पाडून त्या मधोमध मिळवलेल्या असतात.

ही मुरड छर्रे सांडू नयेत एवढ्यासाठीच नसते. टोपी फुटून दारू पेटली की तिला क्षणभर अडवून धरायचं काम मुरड करते. त्या दाबातच दारू पूर्ण जळते. प्रेशर कुकरसारखंच आहे हे. झाकण सैल असलं तर डाळ शिजत नाही आणि वाफेची वाटच बंद झाली तर कुकर फुटतो.

सैल पडली तर आणि घट्ट झाली तर

मुरड सैल असली की दारू अर्धवट जळते आणि बार फुसका निघतो. फुसक्या बाराला लोक हसतात, पण खरा धोका त्यातच आहे. जोर कमी पडल्यानं डाट नळीतच अडकू शकतो. अंधारात, घाईत दुसरं काडतूस घालून घोडा ओढला तर नळी फाटते. नळीखाली डावा हात असतो आणि मागं डोळे.

उलट बाजूही तेवढीच वाईट. तोंड बसत नाही म्हणून कोणी मेण, गोंद, चिकटपट्टी लावली तर ते किती दाबाला उघडेल हे सांगता येत नाही. वापरलेल्या काडतुसाचं तोंड एकदा भडकून उघडलेलं असतं. चुण्यांच्या रेषेवर प्लॅस्टिक कमजोर होतं, चिरतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या काडतुसांची आतली जागाही सारखी नसते. त्यामुळं तेवढीच दारू घातली तरी एकाचं तोंड वर राहतं, दुसऱ्याचं आत खचतं. परदेशात जे लोक भरतात, ते त्या देशाच्या कायद्यात राहून, दाबयंत्र आणि वजनकाटा घेऊन, त्याच कंपनीच्या काडतुसाला ठरलेली टोपी, दारू आणि डाट वापरून भरतात.

ठासणीच्या बंदुकीची सवय इथं चालत नाही

आपल्याकडं जुन्या पिढीला ठासणीची बंदूक माहीत आहे. तिच्यात काळी दारू मापानं ओतायची पद्धत होती. काडतुसात बिनधुराची दारू असते. ती काळ्या दारूच्या मापानं भरली तर दाब कितीतरी पटीनं वाढतो. फटाक्यातली दारू तर एकदम स्फोट होण्यासाठीच बनवलेली असते. ती बंदुकीत घालणं म्हणजे हातात बॉम्ब धरणं आहे.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवानाही देता येतो. पण बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. त्यासाठी कलम 5 चा वेगळा परवाना लागतो. काडतुसाचे भाग आणि ते बनवायचं यंत्र हेही कायद्याच्या भाषेत दारूगोळ्यातच मोडतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दारूगोळा बनवण्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे.

विकत घेतलेलं काडतूसही तपासून घ्या

परवानाधारक दुकानातून घेतलेलं काडतूसही बंदुकीत घालण्याआधी उजेडात पाहावं.

- सगळ्या चुण्या सारख्या आणि मधोमध मिळालेल्या असाव्यात. मधल्या भोकातून छर्रा दिसत असेल तर ते बाजूला ठेवा.
- हलवल्यावर खुळखुळ आवाज येऊ नये. बोटानं हलकं दाबलं तर तोंड आत जाऊ नये.
- पावसाळ्यात ओल धरून फुगलेलं, चिरलेलं, पितळेवर हिरवा गंज चढलेलं काडतूस वापरू नका.
- नळीवरचा आकडा बघा. काही जुन्या बंदुका 65 मिलिमीटरच्या काडतुसाच्या असतात. 70 चं काडतूस दुमडलेलं असताना त्यात बसतं, पण बार होताना तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.
- बार फुसका झाला तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा-एक मिनिट थांबा. मग बंदूक उघडून काडतूस काढा आणि नळी आरपार मोकळी दिसल्याशिवाय दुसरं घालू नका.

मग पिकाचं काय?

रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात येतात. घरात परवान्याची बंदूक असली तरी वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली अशी परवानगी मागता येते, त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करावा. पिकाचं नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वन विभागाला कळवावं, मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत आणि पंचनामा होईपर्यंत शेत तसंच राहू द्यावं. सातबारा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स तयार ठेवली तर हेलपाटे वाचतात.

नुकसानभरपाई कमी मिळते, उशिरा मिळते, ही तक्रार गावोगाव ऐकू येते आणि ती खोटी नाही. पण हरभरा पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो. गेलेली बोटं आणि डोळा परत येत नाही. डब्यातल्या रिकाम्या काडतुसांना पुन्हा हात लावण्याआधी एवढं लक्षात ठेवा.