जंक्शन कोणाचे?

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१-१८६५) खानदेशात कापसाच्या भावातून शिकवले जाते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हे खरेच, पण हे व्यापाऱ्याच्या वहीतले युद्ध झाले. ज्यांच्या गुलामीवरून ते पेटले त्यांच्या बाजूने पाहायचे, तर अटलांटा हे रेल्वेचे शहर समजून घ्यावे लागते.

वर्गात मी त्यासाठी भुसावळपासून सुरुवात करतो. धुळे हे जुन्या खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे. तरी रेल्वेच्या नकाशावर ते चाळीसगावहून निघालेल्या फाट्याचे टोक. मुंबईहून येणारा मार्ग दुभंगतो तो भुसावळला: एक नागपूरकडे, दुसरा खांडव्याकडे. सुरतेहून तापीकाठाने येणारा मार्गही शेजारच्या जळगावला मिळतो. कचेरी धुळ्याला होती, पण मालाची आणि माणसांच्या ये-जा करण्याची नाडी भुसावळला.

अटलांट्याचेही असेच. १८३७ मध्ये तिथे लोहमार्गाचे टोक ठरले, म्हणून वस्ती झाली. १८६० मध्ये लोकसंख्या दहा हजारांच्या आत; पण दक्षिणेच्या फौजांचे धान्य, दारूगोळा आणि जखमी सैनिक तिथे मिळणाऱ्या चार मार्गांवरून जात. १८६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेचा सेनापती शर्मन चालून आला. नुसत्या तोफांनी भागेना, तेव्हा त्याने मार्ग तोडायला घेतले. रूळ उपटायचे, स्लीपरांच्या आगीत तापवायचे आणि झाडाभोवती पिळायचे, म्हणजे पुन्हा कामी येऊ नयेत. मेकनकडचा शेवटचा मार्ग तुटताच दक्षिणेच्या सैन्याने शहर सोडले. २ सप्टेंबरला अटलांटा पडले, नोव्हेंबरात लिंकन पुन्हा निवडून आला आणि १८६५ मध्ये गुलामी कायद्याने संपली.

युद्धशास्त्राची पुस्तके बहुधा इथे थांबतात. आपल्याला थांबून चालणार नाही. जॉर्जियातले लोहमार्ग टाकताना गुलामांचे हात राबले होते. अटलांट्याभोवतीचे खंदकही त्यांच्याकडूनच खणून घेतले. आणि गुलामी संपल्यावर? १८६८ पासून जॉर्जियाने तुरुंगातले कैदी रेल्वेच्या कामावर भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यात बहुसंख्य काळेच होते. कायदा बदलला, फावडे हातातून सुटले नाही.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना. ते युद्ध त्यांनी कापसाच्या भावातून वाचले नाही.

हाच प्रश्न आपल्या रुळांवर मांडला गेला तो मनमाडला. फेब्रुवारी १९३८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याला पोर्टरची जागाही मिळत नसे. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागे आणि तिथे विटाळ आडवा येई. ज्याच्या हाताने रूळ जागेवर राहतात, त्याचा हात पाण्याच्या हंड्याला चालत नव्हता.

म्हणून नकाशावर जंक्शन दिसले, की किती मार्ग मिळतात एवढेच मोजून थांबू नये. ते मार्ग कोणी टाकले, आणि त्यांना तिथे कोणत्या पायरीवर उभे केले, हेही विचारावे. मार्ग तोडून युद्ध जिंकता येते, हे अटलांट्याने शिकवले. मार्ग टाकणाऱ्याची मुक्ती तेवढ्याने होत नाही, हेही तिथेच दिसले.